दोन्ही किल्ल्या एकाच कडीत

"वहिनी, आत माणूस आहे आणि दोन्ही किल्ल्या तुझ्या पर्समध्ये. एक दिवस हे अंगाशी येईल बघ."

मुसोंडा हे म्हणाली तेव्हा मी लुशोमोच्या बोटात गरगर फिरत होते. लुशोमो हसली. "वन्सं, दवाखान्यात दिवसभर आजारीच माणसं बघता ना तुम्ही, म्हणून तुम्हाला जिकडेतिकडे संकट दिसतं." एवढं बोलून तिने मला कडीसकट पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. पितळेची, दात झिजलेली. शाळेच्या वहीत किल्ल्या फार गोड बोलतात. मी घर राखलं, मी विश्वास जपला, आता मी गंजले, मला तेल द्या. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. गोड ऐकायचं असेल तर एखाद्या छत्रीकडे जा.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. भट्टीची आच आणि दात कापणाऱ्या यंत्राचा कान किटवणारा आवाज, एवढंच. मी आणि माझी जुळी बहीण पितळेच्या एकाच पट्टीतून निघालो. आम्हाला एका जाडजूड कुलपाच्या गळ्यात बांधलं, खोक्यात घातलं. जहाज झालं, ट्रक झाला, आणि लुसाकाच्या सोवेटो बाजारातल्या एका दुकानात आम्ही दोरीला लटकलो. लुशोमो तिथे आली तेव्हा तिचं पोट पुढे आलेलं होतं. दुकानदार कुलूप हातात तोलत म्हणाला, "ताई, हे हातोड्याने फुटत नाही, करवतीला दाद देत नाही. दोन किल्ल्या आहेत. एक तुमच्याकडे ठेवा, एक घरात ठेवा."

लुशोमोने दोन्ही किल्ल्या एकाच कडीत ओवल्या.

ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. वाईट असती तर रागावणं किती सोपं गेलं असतं! ती घाबरट होती. नवरा चिलुफ्या दूर सोल्वेझीच्या खाणीत गाडी चालवायचा आणि महिन्याकाठी एकदा घरी यायचा. लेक झाली, तिचं नाव मापालो ठेवलं, आणि त्या दिवसापासून लुशोमोच्या डोळ्याला डोळा लागेना. मापालो झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरायची. पेज गार आहे का ते तीनदा ओठांना लावून बघायची. पलीकडच्या गल्लीत एका मोलकरणीने फाटक उघडं टाकलं आणि पोर रांगत रस्त्यावर गेलं, असं तिच्या कानावर आलं. पोराला काही झालं नव्हतं. पण लुशोमो त्या दिवसापासून बाहेर पडताना व्हरांड्याची लोखंडी जाळी ओढून आमचं कुलूप घालू लागली. मागच्या दाराची जाळी तर कायमचीच बंद होती.

आत मापालो असायची आणि एनेलेसी असायची.

एनेलेसी कटेटेकडच्या खेड्यातून आलेली. तिचा मुलगा तिकडे आजीपाशी, आणि ती इकडे दुसऱ्याची लेक चितेंग्याच्या रंगीत कापडात पाठीला बांधून फरशी घासत असायची. लाल सिमेंटच्या फरशीला मेण लावून ती असा ब्रश फिरवायची की मापालो त्यात आपलं तोंड बघून हसायची. तिच्या जिभेलाही धार होती. पहिल्या दिवशी जाळी बंद झाली तेव्हा गज धरून ती म्हणाली, "मॅडम, कोंबड्यांना सुद्धा दिवसा मोकळं सोडतात."

"अगं, तुझ्यासाठी नाही. चोरांसाठी आहे ते."

"चोर बाहेरच आहेत ना? मग त्यांना घाला कुलूप."

लुशोमो हसली, एनेलेसीही हसली, आणि मी कुलपात फिरले. खट्. त्या आवाजाचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. किती घट्ट बसते मी! लाज वाटते आता.

मग कंपनीचं खूळ आलं. खूळ म्हणते खरी, पण कल्पना चांगली होती. लुशोमो कॉमर्स शिकलेली. बाळंतपणात नोकरी गेली आणि परत कोणी घेईना. आजूबाजूला दोघंही नोकरी करणारी जोडपी, घरं मोठी, झाडायला-पुसायला वेळ नाही. तेव्हा घरं साफ करून देणारी कंपनी काढायची. नाव 'बुसाका', म्हणजे स्वच्छता. शहरात बायकांच्या धंद्यांना भांडवल देणारं एक मंडळ होतं. त्यांच्यापुढे व्यवसायाचा आराखडा मांडायचा, तो पसंत पडला की पैसे मिळणार.

मापालो दुपारी निजली की लुशोमो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. आम्ही दोघी बहिणी शेजारी पडलेल्या असायचो, म्हणून तो सगळा आराखडा मी शब्दाशब्दाने ऐकलेला आहे. ती मोठ्याने वाचत लिहायची आणि एनेलेसी खाली फरशी घासता घासता त्यात दुरुस्त्या करायची. कारण कंपनी निघाली की एनेलेसी सगळ्या बायकांची प्रमुख होणार, असं ठरलं होतं. पगारही वाढणार होता. मुलाला शहरात आणायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"कोणत्या घरांना सेवा देणार," लुशोमो वाचायची, "तर तीन-चार खोल्यांच्या, नोकरदार कुटुंबांच्या..."

"कुत्रा असलेल्या घराचे जास्त घ्या, मॅडम. केस सोफ्यात शिरतात, निघता निघत नाहीत."

"बरं. गणवेश निळा."

"निळ्यावर ब्लीचचे डाग दिसतात. पांढरा घ्या."

"दुपारचं जेवण ग्राहकाकडे."

एनेलेसीने ब्रश थांबवला. "ग्राहक चहा देतो, मॅडम. तोही सकाळचा उरलेला. मक्याच्या पिठाची न्शिमा आपणच डब्यात देऊ. उपाशी बाई कोपरे घासत नाही."

लुशोमोने ते लिहून घेतलं. फार छान चाललं होतं, मित्रांनो. दोघी डोकं लावत होत्या. साबण कुठून आणायचा, वीज गेली तर व्हॅक्यूमऐवजी काय, एखादी बाई आजारी पडली तर बदली कोण, सगळं बसत चाललं होतं. शेवटी 'धोके आणि उपाय' हा भाग आला आणि तिथे गाडं अडलं.

लुशोमोने ओळखीच्या दहा घरी फोन लावले. "आमची बाई आली तर तुम्हाला भीती कशाची वाटेल?" कोणी म्हणालं नाही, की फरशी नीट पुसली जाणार नाही. सगळ्यांचं एकच. चोरी. आम्ही कामावर, घरात परकी बाई, ती काय उचलेल, कोणाला आत घेईल, काय सांगावं!

लुशोमोने फोन टेबलावर ठेवला. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचललं, बोटात फिरवलं आणि भराभर लिहायला लागली. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं, "आमची कर्मचारी आत, किल्ली तुमच्याकडे. जाताना तुम्ही बाहेरून कुलूप लावा. परत आल्यावर तिची पिशवी तपासा आणि मगच तिला सोडा. बुसाकाची सुरक्षिततेची हमी!"

फरशीवरचा ब्रश थांबला होता.

"कसं वाटतं?" लुशोमोने विचारलं.

"सोडा म्हणजे?" एनेलेसी म्हणाली.

"म्हणजे घरी जाऊ द्या."

"हां." एनेलेसीने ब्रश परत फिरवायला घेतला. "मला वाटलं, जामिनावर."

"अगं, हे तुझ्याबद्दल नाही. लोकांचं समाधान व्हावं म्हणून आहे."

"आत मीच असणार ना, मॅडम? तुमचे लोक बाहेर असणार."

लुशोमोने लॅपटॉप मिटला. एक जास्तीचं वाक्यही तिने लिहिलं नाही, की दुसरी किल्ली आतल्या बाईजवळ राहील. दोन किल्ल्या का देतात, मित्रांनो? आम्हा दोघी बहिणींना जन्मतःच हे ठाऊक असतं. एक आतल्याची, एक बाहेरच्याची. कॉलेजात धंद्याचं गणित शिकलेल्या बाईला ते सुचू नये?

जून उजाडला. लुसाकाचा जून म्हणजे बोचरी थंडी. त्यात लोडशेडिंग. सकाळी गेलेली वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही. अशा दिवसांत स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर व्हायचा. शेगडी अंगणात पेटवायची, कोळसा लाल झाला, धूर गेला, की तिथेच पातेलं ठेवायचं. एनेलेसी ती नेहमी अंगणातच पेटवायची. लुशोमो घरी असायची तेव्हा.

मंडळापुढे जायच्या दिवशी लुशोमो लवकर उठली. नवा ड्रेस घातला, केस बांधले, मापालोचे दहा पापे घेतले. "पेज दुपारी गरमच दे. गार देऊ नकोस, तिला खोकला आहे. आणि खिडक्या लावून घे, थंडी आहे."

"मॅडम, वीज गेलीय. पेज गरम कशावर करू?"

"शेगडी आहे ना."

"शेगडी बाहेर आहे."

लुशोमोची टॅक्सी फाटकापाशी हॉर्न वाजवत होती. तिने अंगणातून शेगडी उचलली, जाळीच्या आत ठेवली, कोळशाची पिशवी शेजारी ठेवली. जाळी ओढली. मला कुलपात घातलं. खट्.

हाक मारून सांगावंसं वाटलं मला. पण किल्लीला तोंड नसतं, दात असतात नुसते.

मंडळाचं सभागृह झकपक होतं. लांब टेबलामागे पाच बायका आणि मधोमध अध्यक्ष नमुकोलोबाई, मोठ्या मण्यांची माळ घातलेल्या. लुशोमोने पर्समधला फोन मुका केला आणि बोलायला उभी राहिली. छान बोलली. साबण, गणवेश, डबा, सगळं सांगितलं. बायका माना डोलावत होत्या, एकीने जांभई दिली. मग लुशोमोने पर्समध्ये हात घातला आणि आम्हा दोघींना बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"ही बघा आमची हमी," ती म्हणाली. "आमची कर्मचारी आत, किल्ली तुमच्याकडे. आज, या क्षणी सुद्धा, माझ्या स्वतःच्या घरात हीच पद्धत चालू आहे."

जांभई देणारी बाई सावरून बसली. नमुकोलोबाईंनी मला उचललं, उजेडात धरलं. "वा! हे मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. मला तर अशी बाई आजपासून हवी." टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी आयुष्यात एकदाच टाळ्या वाजल्या, त्या तेव्हा.

आणि पर्समध्ये फोन थरथरत होता. थांबत होता. परत थरथरत होता.

घरी काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. नंतर तुकड्यातुकड्याने कानावर आलं, ते सांगते. एनेलेसीने स्वयंपाकघरात शेगडी पेटवली. खोकणाऱ्या पोरीला ऊब मिळावी म्हणून दार लावून घेतलं. खिडक्या बंद ठेवायला सांगितल्याच होत्या. पेज झाली, मापालोने अर्धी खाल्ली आणि ती पेंगायला लागली. एनेलेसीचं डोकं ठणकत होतं. तिला वाटलं, थंडीने. पोरगी हलवली तरी डोळे उघडेना तेव्हा तिला कळलं. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. तो माणसाला नुसता झोपवतो.

तिने बादलीतलं पाणी शेगडीवर ओतलं. व्हरांड्याची जाळी घराच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकी हाताशी. खिडकीची कडी रंगाने घट्ट बसलेली. तिने पातेलं हाणून काच फोडली. खिडकी ओट्याच्या वर, उंच, गजांची, आणि एका तोंडापुरतीच फट. त्या फटीशी तिने मापालोचं तोंड धरलं, स्वतःचं नाही. आणि ओरडली.

शेजारचे म्वाले आजोबा धावत आले. गजांतून पोर निघेना. बाहेरून गजांत हात घालून त्यांनी मापालोला काखेखाली धरलं आणि आत एनेलेसीला म्हणाले, "आता तू दाराकडे जा, जाळीपाशी जा, हवा घे!" ती ओट्यावरून खाली उतरली. दारापर्यंत पोचली नाही.

आजोबांनी पोरीला हातांवर तसंच तोलून धरलं आणि कोणाकोणाला हाका मारल्या. माणसं जमली, एक जण लुशोमोला फोन लावत राहिला. कुलपावर हातोडे पडले. कुलूप फुटलं नाही. दुकानदार खरं बोलला होता. शेवटी पहारीने भिंतीतून जाळीच उखडली. जाळी पडली तेव्हाही कुलूप शाबूत, बंदच. त्याला आता कोणी विचारा, कसला मान राखलास रे?

लुशोमो सभागृहाच्या पायऱ्या उतरली आणि तिने फोन पाहिला. पुढचं मला सांगवत नाही. टॅक्सीत तिने मला मुठीत इतकं आवळलं होतं की माझे दात तिच्या तळव्यात रुतले, रक्त आलं. "जरा लवकर, दादा, जरा लवकर, माझ्याकडे किल्ली आहे," ती टॅक्सीवाल्याला पुनःपुन्हा सांगत होती. माझ्याकडे किल्ली आहे! जणू अजून तिचा उपयोग होता.

मापालो दुसऱ्या दिवशी पेज मागायला लागली. इस्पितळात भेटायला रीघ लागली. लुशोमोची आई आली, चर्चची मंडळी आली, गल्लीतले आले. "बाळ वाचलं, देवाची कृपा!" "बाळाने दूध घेतलं का?" "बाळाच्या नावाने प्रार्थना करू." एकेक जण येई, हात जोडी, जाई. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एनेलेसी नळ्या लावून पडली होती. तिच्याकडे एकही माणूस वळला नाही. देवाची कृपा म्हणे! काच देवाने फोडली होती का?

नणंद मुसोंडा तेवढी तिच्या उशाशी बसून राहिली. लुशोमो तिथे गेली तेव्हा मुसोंडाने वर पाहिलं आणि स्टूल सरकवून दिलं.

बऱ्याच दिवसांनी एनेलेसी शुद्धीवर आली. लुशोमोने तिचा हात धरला. "एनेलेसी, मी... मला..."

एनेलेसी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. "मॅडम," ती हळू म्हणाली, "या खोलीचं दार उघडं आहे ना?"

"उघडं आहे."

"उठून बघा."

लुशोमो उठली. दार सताड उघडंच होतं. तरी तिने जाऊन ते हलवून दाखवलं. एनेलेसीने मग डोळे मिटले.

ती जगली. पण हातांना कंप सुटला तो थांबला नाही. चमचा तोंडापर्यंत जाता जाता सांडतो. शब्द हरवतात. तिची आई येऊन तिला कटेटेला घेऊन गेली. लुशोमो दर रविवारी फोन करते. काही रविवारी एनेलेसी जुन्यासारखी टोमणा मारते. काही रविवारी विचारते, "कोण मापालो?"

आणि मंडळाचं पत्र आलं. अभिनंदन, भांडवल मंजूर. लुशोमो नवा आराखडा घेऊन गेली. त्यात लिहिलं होतं, जाळीला बाहेरून कुलूप नाही. आणि असेलच, तर एक किल्ली काम करणाऱ्या बाईच्या गळ्यात. तसं मान्य नसेल त्या घरी बुसाकाची बाई जाणार नाही.

नमुकोलोबाईंनी चष्मा काढला. "घडलं ते फार वाईट, मला कळतं. पण ती हमी म्हणजेच तुमच्या धंद्याचा कणा होता हो."

"त्या कण्याखाली एक बाई चिरडली, बाई."

"भावनेने धंदा होत नाही."

"मग तुमच्या घराला तुम्ही आत असताना मी बाहेरून कुलूप घालते," लुशोमो म्हणाली. तिचा आवाज चढला होता, बाहेरच्या बायका डोकावायला लागल्या. "एक दिवस. किल्ली मी नेते. संध्याकाळी येऊन तुमची पिशवी तपासते. चालेल?"

भांडवल मिळालं नाही. बुसाका चार घरांवर चालते आहे. लुशोमो स्वतः ब्रश घेऊन जाते आणि कुठल्याही घरात शिरली की आधी खिडक्या उघडते. चारांतल्या एका घराने मागच्या महिन्यात विचारलंच, "जाताना कुलूप लावलं तर चालेल का हो?" त्या घरचं काम तिने तिथल्या तिथे सोडलं. आता तीन.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी म्हणायचं असतं, आमची काळजी घ्या. मला माझी काळजी नको आहे. मला गंजू द्या, गटारात फेका, भंगारात विका.

तुम्ही हे वाचताय ना? आत्ता, या वेळेला, तुमच्या ओळखीच्या एका घरात कोणी तरी बाहेरून कुलूप लावून आत ठेवलेलं असेल. कोणाची मोलकरीण असेल. बाळ सांभाळणारी मुलगी असेल. "पडतील, हरवतील" म्हणून कोंडलेले आजोबा असतील. तुम्ही रोज त्या दारावरून जाता, कुलूप बघता आणि समजता, की घरात कोणी नाही.

पुस्तक ठेवा. त्या दाराशी जा. हाक मारा. आतून "ओ" येईपर्यंत तिथून हलू नका.